तिन्हीसांजेचं विरजण

कोवळं ऊन आधी आईच्या तळहातांवर उतरतं आणि मग आमच्या अंगणात, असं मला लहानपणी खरोखर वाटायचं. नळदुर्गच्या आमच्या घराचं दार पूर्वेला; झुंजूमुंजू झालं की ती उंबऱ्यात उभी राहून दोन्ही हात पुढे धरी, उन्हाची पहिली ऊब त्यांवर पडली की वळे आणि घर जागं करी. घड्याळाकडे तिनं कधी पाहिलं नाही. ‘दिवस कासराभर वर आला’ असं ती म्हणाली, की अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, कचेरीला निघायचं, हा आमच्या घरचा कायदा. कारकुनाच्या घरात कुठला बैल आणि कुठला कासरा! पण माहेरच्या शेतातून आणलेलं ते माप तिनं शेवटपर्यंत मोडू दिलं नाही. अण्णांनी उभ्या नोकरीत कधी गजर लावला नाही. तिनं हाक मारायची आणि त्यांनी उठायचं.

पुढे काचबिंदूनं तिचे दोन्ही डोळे नेले. आधी नजरेच्या कडा गेल्या, मग माणसं दिसेनाशी झाली, शेवटी अंधार आणि उजेड यांतला भेदही गेला. तेही तिनं सोसलं. चाचपडत ताक घुसळी, हातानंच भाकरीचा पापुद्रा जोखी. पण मग तिची झोप वाट चुकली, आणि ते मात्र तिला सोसवेना. आज थोडी उशिरा, उद्या आणखी थोडी, अशी झोप सरकत सरकत भर दुपारी येऊन बसली. रात्रभर ती टक्क जागी, दिवसभर गाढ. मध्येच काही दिवस सगळं आपोआप सुरळीत होई, तेव्हा नातेवाईक म्हणत, बघा, मनात आणलं की जमतं हिला. ते ऐकून माझं डोकंच फिरायचं.

सोलापूरच्या डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं. डोळ्यांच्या मागं, मेंदूच्या तळाशी तांदळाच्या दाण्याहून लहान असं एक घड्याळ असतं. झोप, भूक, अंगातली ऊब, सगळ्यांच्या वेळा तेच राखतं. मात्र बहुतेकांच्या आतला तो दिवस सूर्याच्या दिवसाहून किंचित लांब असतो, म्हणून रोजचा उजेड डोळ्यांवाटे आत जाऊन त्याला जुळवून देतो. ती वाटच बंद झाली, की ते बिचारं आपल्याच चालीनं मागं पडत राहतं. संध्याकाळी ठरल्या वेळी घ्यायची गोळी त्यांनी दिली आणि बजावलं, की जेवण, अंघोळ, फिरणं वेळच्या वेळी होऊ द्या, आणि यांना खरी वेळ सांगत राहा. जिच्या अंगात जन्मभर सूर्य नांदला, तिला तिच्याच देहानं असं फसवावं, याचं मला फार वाईट वाटलं. घरात त्याहून मोठी फसवणूक चालू आहे, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं.

कार्तिक सरत आला होता. धाराशिवहून एसटीनं मी पोचले तेव्हा सूर्य किल्ल्याआड बुडाला होता, लिंबावर चिमण्यांचा गिल्ला चालला होता, हमरस्त्यावर ट्रकांची घरघर होती. चिमण्या दोन्ही संधिकालांना सारख्याच कलकलतात, आणि ट्रकांना तर दिवसही नाही आणि रात्रही नाही. आई उंबऱ्यात उभी होती. नुकती वेणी घातलेली, कुंकू ताजं, दोन्ही तळहात पूर्वेकडे धरलेले. माझी चाहूल लागताच तिचा चेहरा उमलला.

“इतक्या सकाळी कुठल्या गाडीनं आलीस गं?”

 उत्तराची वाट न बघता ती पुढे बोलत राहिली, की बघ, रोज मेलं आभाळ येतंय, ऊन म्हणून हाताला लागत नाही, अशानं ज्वारीवर किडीचा चिकटा पडेल. आभाळ स्वच्छ होतं, एक ढग औषधाला नव्हता. मी अण्णांकडे पाहिलं. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

तेवढ्यात तिला काही आठवलं. शेजारच्या गंगाक्कांचं दही नासलं होतं, त्यांनी विरजण मागितलं होतं आणि सकाळी देते असा हिचा वायदा होता. ती आत गेली, वाटी भरून आणली, भिंतीला धरत धरत गेली आणि हाक मारून वाटी कुंपणावरून पुढे केली. गंगाक्का पलीकडे तुळशीपाशी होत्या. त्या जवळ आल्या, पण हात पुढे करीनात.

“तिन्हीसांजंला विरजण कसं न्यावं ओ वैनी? दिवा लावलाय की म्या.”

दिवेलागणीनंतर मीठ, दही, विरजण घराबाहेर जाऊ द्यायचं नाही, हे व्रत आईनं इतकं कडक पाळलं होतं, की एकदा सख्ख्या बहिणीलाही रिकामं धाडलं होतं. आता तिच्याच हातानं घरची लक्ष्मी कुंपणाबाहेर धरली होती. वाटी तशीच अधांतरी राहिली. मला तिनं काही विचारलं नाही. अण्णा जिथं उभे होते, नेमकं तिकडे तोंड वळवलं.

“तुमी मला येळ खोटी सांगत होता व्हय?”

अण्णांनी सगळं कबूल केलं. दिवसभर झोपलीस म्हटलं की तू रडायचीस, उजाडलं म्हटलं की हसायचीस. शिवाय पुढे चार घटकांतच दिवस मावळून रात्र झाली असं सांगितलं की तू आडवी व्हायचीस आणि माझाही डोळा लागायचा, असं ते खाली मान घालून म्हणाले. त्यात माया नव्हती असं मी म्हणणार नाही. पण मला त्यांचा संताप आला, आजही येतो. जिच्या हाकेवर यांनी आयुष्यभर आपली सकाळ सोपवून दिली, तिची एक सकाळ यांना सांभाळता आली नाही.

“डोळं गेलं तवा तुमच्या बोलण्यावर दिवस काढला,” आई म्हणाली. “आता कशावर काढू?”

त्यानंतर अण्णा एकदाही खोटं बोलले नाहीत. गोळी वेळेवर दिली, उजाडताच बाजूला बसून ‘उजाडलं गं’ म्हणून सांगितलं, आणि हळूहळू तिची झोप बरीचशी रात्रीच्या अंगणात परतली. ती ऐकून घेई. मग उठे, कुंपणापाशी जाई आणि अण्णांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारी, “गंगाक्का, उजाडलं का ओ?” पलीकडून होकार आला, की मगच ती तोंड धुवायला वळे. शेवटच्या दिवसापर्यंत हे असंच चाललं.

आई जाऊन आता वर्ष उलटलं. अण्णांचे डोळे चांगले आहेत, घर तसंच पूर्वेला तोंड करून आहे. तरी पहाटे त्यांचा फोन येतो आणि ते विचारतात, तिकडं उजाडलं का गं? मी उठते, खिडकी उघडते, खरंच बाहेर बघते, आणि मगच सांगते. गेलेल्या माणसाचा काळ पुढं सरकत नाही म्हणतात ते खरं असावं. आमच्या दोघांच्या आठवणीत ती अजून त्या खोट्या सकाळीच उभी आहे, हातात विरजणाची वाटी धरून, आणि ती वाटी घ्यायला कुणाचाच हात पुढे होत नाही.