गाडीखालची जमीन

जगदेवनं गाडीखालून हात बाहेर काढला तेव्हा त्याची बोटं लाल झाली होती, ओलं कुंकू लागल्यासारखी. तो पाठीवर घसरत बाहेर आला, उठून बसला आणि ती बोटं त्यानं जानरावांच्या समोर धरली.

"काका, हे कालपरवाचं नाही. लय महिन्यांपासून गळून राह्यलं. खाली डाग नाही दिसला तुमाले कधी?"

जानरावांनी नकारार्थी मान हलवली. मागं त्यांचा मुलगा राजू उभा होता. आईच्या आजारपणाचं कळल्यावर तो पुण्याहून धावत आला, आणि तेव्हापासून वडिलांशी कामापुरतंच बोलत होता. त्यानं त्या लाल बोटांकडे पाहिलं, मग वडिलांकडे पाहिलं आणि गॅरेजच्या दाराशी जाऊन पाठमोरा उभा राहिला.

वाशीमच्या त्या गॅरेजात ऑटोमॅटिक गाड्यांचं काम होत असे, म्हणून बंद पडलेली गाडी ओढून तिथं आणली होती. जगदेवनं कापडाला बोटं पुसत समजावून सांगितलं. या गाडीच्या गिअरबॉक्सचं तेल लाल असतं, आणि गिअर आपोआप पडतो तो त्याच तेलाच्या जोरावर. चाकाकडे जाणाऱ्या दांड्याजवळचं सील गेलंय, तिथून थेंबथेंब गळतंय. तेल एका हद्दीखाली गेलं की इंजिन कितीही ओरडलं तरी चाकाला ताकद पोचत नाही, गाडी जागची हलत नाही.

हे शेवटचं वाक्य जानरावांना कोणी सांगायची गरज नव्हती. ते त्यांनी भर दुपारी, भर रस्त्यात अनुभवलं होतं.

जानराव म्हणजे रिसोड डेपोचे एसटी ड्रायव्हर. सगळी उमर लाल बसच्या स्टिअरिंगमागं गेली, पण त्यांच्या गाडीला कधी कुणाचा धक्का लागला नाही, हे त्यांच्या अनसिंग गावात शेंबड्या पोराला विचारलं तरी सांगेल. माणूस अबोल, पण या एका गोष्टीचा त्यांना मनातून फार अभिमान. क्लच दाबून दाबून डावा गुडघा मात्र कामातून गेला. म्हणून निवृत्तीनंतर त्यांनी अकोल्याहून ही जुनी गाडी आणली, क्लच नसलेली. गावातल्या लोकांनी थट्टा केली की जानराव आता लहान पोरांची गाडी चालवणार. त्यांनी ती हसून ऐकून घेतली. त्यांचं लक्ष शेजारच्या सीटवर होतं. संसार एवढा झाला, पण चतुराबाई कधी नवऱ्याच्या शेजारी बसून कुठं गेल्या नव्हत्या. त्यांच्या बसमधून गेल्या तरी मागं, गर्दीत, मांडीवर पोर आणि पायाशी पिशवी घेऊन. नवऱ्याच्या शेजारी बसायला त्यांना म्हातारपण यावं लागलं. पहिल्या दिवशी वाशीमपर्यंत जाऊन येईस्तोवर त्या पदर सावरून ताठ बसल्या होत्या, कुणीतरी फोटो काढणार असल्यासारख्या.

आणि त्याच सीटवर, तोंड वाकडं झालेल्या, उजवा हात लुळा पडलेल्या अवस्थेत चतुराबाई त्या दुपारी कलंडल्या होत्या. तूर निवडता निवडता हातातलं सूप पडलं, शेजारच्या कमलीबाईनं हाक मारली, दोघांनी उचलून त्यांना गाडीत घातलं. अनसिंग सोडून गाडी चढाला लागली आणि इंजिन नुसतंच ओरडायला लागलं. जानरावांनी गिअरचा दांडा पुढं केला, मागं केला, बंद करून पुन्हा चालू केली. गाडी हलेना. शेवटी पुसदहून येणारी बस थांबली. त्या ड्रायव्हरनं यांना ओळखलं, मधले सगळे थांबे सोडले आणि बस थेट दवाखान्याच्या दारात नेली. पण त्या चढावर जो वेळ गेला तो गेलाच. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणलं असतं तर इंजेक्शनचा उपयोग झाला असता.

चतुराबाई वाचल्या, घरी आल्या. उजवा हात गेला, पाय ओढावा लागतो, आणि जिभेवर एकच शब्द उरला: नाही. भूक लागली का विचारलं तरी नाही, आणि लागली असली तरी नाहीच. मानेवरून ओळखायचं. गाडी वाटेत थांबली होती हे त्यांना ठाऊकच नव्हतं. त्यांना वाटत होतं, धन्यानं आपल्याला गाडीतून दवाखान्यात पोचवलं. कुणी ते खोडून काढलं नव्हतं.

जगदेवनं तेल भरून दिलं. सील अकोल्याहून यायला दोनचार दिवस लागणार होते. तोवर गाडी घरी न्या, फार फिरवू नका आणि रात्रीतून किती गळतं तेवढं पाहून सांगा, असं त्यानं सांगितलं.

परतीच्या वाटेवर राजू शेजारच्या सीटवर बसला होता. तो चढ आला तेव्हा मात्र त्याच्यानं राहवलं नाही.

"बाबा, तुमी सगळ्या डेपोले शिकवलं. गाडी काढायच्या आधी वाकून खाली पाह्य म्हणून. मंग तुमाले काहून नाही दिसलं? माय टायमावर पोचली असती."

जानराव समोर बघत गाडी चालवत राहिले. खरोखरच ते रोज वाकून पाहत. ही सवय त्यांना नोकरी लागली तेव्हा बबनराव नावाच्या जुन्या ड्रायव्हरनं लावली होती: गाडीला काही होत असलं की खालच्या जमिनीवर आधी दिसतं. गुडघा धरून, एक हात बॉनेटवर टेकून ते रोज सकाळी गाडीखाली बघत. रोज जमीन स्वच्छ असे, नुकत्या टाकलेल्या सड्याची, ओली, हिरवट. मग लाल डाग गेला कुठं? मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, डोळे परत दगा देत असतील. त्यांनी एक डोळा मिटून पुढच्या पाटीवरचं नाव वाचलं, मग दुसरा मिटून वाचलं. दोन्हींनी दिसलं. त्यामुळे त्यांना बरं वाटण्याऐवजी जास्तच वाईट वाटलं.

घरी आल्यावर गाडी नेहमीच्या जागी, अंगणात निंबाखाली लावली. चतुराबाईंना दवाखान्यात नेल्यापासून अंगणात सडा पडला नव्हता. माती उखणली होती, पाचोळा साचला होता. आजारी माणसाला बघायला पाहुणे येणार, अंगण असं बरं दिसत नाही, म्हणून कमलीबाईनं संध्याकाळीच शेणाचं घमेलं आणून ओट्याशी ठेवलं आणि सकाळी येऊन सडा टाकते म्हणून सांगून गेली.

पहाटे जानरावांना जाग आली ती घमेलं फरफटल्याच्या आवाजानं. शेजारची खाट रिकामी होती. ते घाईनं बाहेर आले.

चतुराबाई गाडीच्या पुढच्या चाकाशी जमिनीवर बसल्या होत्या. भिंत धरत, मग बसून सरकत, पाय ओढत त्या तिथवर गेल्या असाव्यात. लुगडं मातीनं भरलं होतं. इंजिनाखाली तळहाताएवढा लाल डाग पडला होता आणि डाव्या हातानं त्या त्याच्यावर शेण फिरवत होत्या. निम्मा डाग झाकला होता. हात सवयीचा नव्हता, फटकारे वेडेवाकडे उठत होते, तरी त्या घाई करत होत्या. नवऱ्याला बघताच त्या दचकल्या, आणि राहिलेल्या डागावर त्यांनी पालथा हात ठेवला.

जानरावांना एकदम सगळं कळलं. कळलं तसे ते तिथंच, दुखऱ्या गुडघ्यानिशी, जमिनीवर बसले.

चतुराबाईंचं हे लाल रंगाचं खूळ जुनं होतं. त्यांच्या लग्नानंतर डेपोतला एक ड्रायव्हर घाटातल्या अपघातात गेला. त्याच्या बायकोनं त्या सकाळी अंगणात मिरच्या वाळत घातल्या होत्या, असं कुणीतरी बोललं, आणि ते चतुराबाईंच्या मनात घर करून बसलं. ड्रायव्हर घराबाहेर पडताना त्याच्या नजरेला अंगणात लाल पडायला नको. तेव्हापासून त्यांच्या मिरच्या मागच्या परसात वाळायच्या, रांगोळीत कुंकू नसायचं, आणि नवऱ्याची ड्युटी कितीही पहाटेची असली तरी त्याच्या आधी उठून त्या सडा टाकायच्या. जानराव चिडवायचे, अवं, माही बसच सगळी लाल हाय, तिचं काय करतं? त्यावर त्या म्हणायच्या, बस सरकारची हाय, अंगण माहं हाय.

गाडीखाली लाल काहीतरी पडतं हे त्यांनी कधीच पाहिलं होतं. तेल म्हणजे काळं, हे ड्रायव्हरच्या बायकोला ठाऊक. लाल तेल असतं हे कुणी त्यांना सांगितलंच नव्हतं. मांजरानं पाखरू मारलं असेल किंवा कुणी वाईटावर असणाऱ्यानं काही टाकलं असेल, असंच त्यांना वाटलं असणार. नवऱ्याला सांगायचं म्हणजे त्याला ते दाखवणंच झालं. म्हणून रोज अंधारात उठायचं, आधी गाडीखालचं पुसायचं, मग बाकीचं अंगण. मागाहून नवरा उठायचा, वाकून बघायचा, आणि जमीन स्वच्छ.

"रोज पुसत होतीस?" जानरावांनी विचारलं.

"नाही," चतुराबाई म्हणाल्या आणि मान होकारार्थी हलवली. मग डावा हात उचलून त्यांनी आधी नवऱ्याच्या डोळ्यांकडे आणि मग फाटकाकडे बोट केलं. जानरावांनी तो शेणानं भरलेला हात दोन्ही हातांत धरला. त्यांना रडू आवरेना, आणि का रडतो हे तर तिला कधीच सांगता येणार नव्हतं.

मग त्यांनीच शेण घेऊन राहिलेला डाग झाकला. तेवढ्यात राजू दात घासत ओट्यावर आला. माय बाहेर कशी आली, म्हणून तो धावला, तिला उचलून ओट्यावर बसवलं. मग त्याला जगदेवचं बोलणं आठवलं.

"पडलं का तेल?"

"पडलं. तळहाताएवढं."

"म्हणजे रोजच पडत असन एवढं." राजूनं ब्रश तोंडातून काढला. "एवढा डाग तुमाले दिसला नाही, हे मले काही पटत नाही, बाबा."

चतुराबाई एकदा मुलाकडे, एकदा नवऱ्याकडे बघत होत्या. डागावरून बाप-लेकाचं काहीतरी बिनसलंय एवढं त्यांना समजलं होतं. आणखी एक प्रश्न, आणखी एक उत्तर, की गाडी त्या चढावर का थांबली तेही समजलं असतं. जानरावांनी ते त्यांच्या चेहऱ्यावर येऊ घातलेलं पाहिलं. खरं सांगितलं असतं तर मुलाच्या नजरेतून उतरलेला बाप पुन्हा वर चढला असता, आयुष्यभराचं नाव परत मिळालं असतं. ते त्यांना हवंही होतं, नको कसं असेल?

"दिसत होता," ते म्हणाले. "रोज दिसे. म्या म्हटलं, पाहू सावकाश."

राजूनं ब्रश ओट्यावर ठेवला.

"मंग काल जगदेवपाशी नाही काहून म्हटलं?"

"लाज वाटली."

"नाही," चतुराबाई मधेच म्हणाल्या. "नाही, नाही." चांगला हात त्या स्वतःच्या छातीवर आपटत होत्या, मग गाडीकडे करत होत्या, पुन्हा छातीवर. "नाही!"

राजूनं ते नेहमीचंच समजलं. "हो माय, हो, पाणी आणतो," म्हणत त्यानं तिच्या पाठीवरून हात फिरवला, आणि बापाकडे न बघता तो घरात गेला. दोन दिवसांनी तो पुण्याला परत निघाला, तेव्हा आईच्या पाया पडला. वडिलांच्याही पडला, पण मान वर केली नाही. जानरावांनी त्याला बसपर्यंत सोडतो म्हटलं तर तो म्हणाला, राहू द्या, चालत जातो.

त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे जानराव कमलीबाईच्या आधी उठले. बादलीत शेण कालवलं, गुडघा धरून गाडीशी बसले आणि आधी वाकून खाली पाहिलं. डाग होता. किती पडलं ते जगदेवला सांगायचं म्हणून त्यांनी नीट बघून ठेवलं. मग त्याच्यावर हात फिरवला, आणि तसंच मागं सरकत सरकत सगळ्या अंगणाला सडा घातला. बाईमाणसाचं काम करतो म्हणून कोण बघतंय, याचा विचार त्यांच्या मनात आला नाही.

मागं वळून बघतात तो चतुराबाई दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. केव्हापासून, कोण जाणे.

"झालं," जानराव म्हणाले. "आता ठीक हाय ना?"

चतुराबाईंनी सगळं अंगण नजरेनं निरखलं. मग डावा हात उचलून मागच्या चाकाकडे बोट केलं.

"नाही," त्या म्हणाल्या.

तिथं थोडी माती कोरडी राहिली होती. जानराव बादली घेऊन परत गेले आणि त्यांनी तेवढी जागा सारवली.