आजोबांचे तळहात

आमच्या घराला गावात 'डुलकीवाले' म्हणतात. पाऊणशे वर्षं होत आली, नाव काही जात नाही. नदीला पूर आला की घंटा वाजवायची, हे काम माझ्या आजोबांचं. त्या रात्री म्हणे त्यांचा डोळा लागला आणि खालची आळी झोपेतच वाहून गेली. पुलाशी पाटी आहे, शाळेत धडा आहे. परवा माझा मुलगा वर्गात पेंगला, तर बाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "घराण्यातच आहे." माझं डोकंच फिरलं.

म्हणून राज्याच्या संग्रहालयाची माणसं जुन्या आठवणी रेकॉर्ड करायला आली, तेव्हा मी आत्याच्या खनपटीलाच बसले. तो पूर पाहिलेल्या आता दोघीच उरल्यात. एक आत्या, आजोबांची मुलगी; ती त्यांना दादा म्हणते. दुसरी समोरची शिवणमावशी, जिचे दोन्ही भाऊ त्या पुरात गेले. मागे एकदा आत्या तापात बरळली होती, "दादांच्या तळहातांना फोड आलेत, मलम आणा." आता झोपलेल्या माणसाच्या हाताला फोड कशाने येतील? घंटेचा दोर ओढूनच ना?

"फोडांचं तेवढं सांग," मी म्हटलं. "बाकी काही नको."

"बघू," आत्या म्हणाली. तिचं 'बघू' मी लहानपणापासून ओळखून आहे.

वाचनालयाच्या मागच्या खोलीत आवाज नको म्हणून पंखाही बंद केलेला. दोघी म्हाताऱ्या टेबलाशी शेजारी शेजारी, घामाघूम. संग्रहालयातल्या मुलीने यंत्र सुरू केलं. आत्या घसा खाकरून म्हणाली, "दादांचा डोळा लागला. घंटा वाजली नाही." झालं. पाण्याचा पेला उचलून तोंडाला लावला.

सख्ख्या बापाची बाजू घ्यायला हिची जीभ का जड होते? माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी पिशवी उचलली आणि दाराकडे निघाले.

"थांब गं," शिवणमावशी म्हणाली. "मला बोलायचंय."

शिवताना बोलते तशी ती खाली बघतच बोलली. "घंटा वाजली होती. बराच वेळ वाजत होती. आधी दोनदा उगाच वाजली होती, म्हणून आई म्हणाली, झोपा रे, ह्याला दुसरा उद्योग नाही. मी रडायला लागले, तर तिने माझे कान झाकले. तरी मला ऐकू येत होतं. मग पाणीच घरात आलं. मला घेऊन ती कौलांवर चढली. भाऊ खालीच राहिले."



"आई होती तोवर हे बोलायची सोय नव्हती," ती आत्याकडे वळली. "नंतर तोंडच उघडेना. पण तुझ्या दादांनी तरी का सांगितलं गं, डोळा लागला म्हणून?"

आत्याने पेला खाली ठेवला.

"सकाळी तुझी आई आमच्या दारात आली, तुला कडेवर घेऊन. विचारलं, 'भाऊजी, घंटा वाजली का हो? मला नाही ऐकू आली.' दादांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले. म्हणाले, 'नाही वाजली, वहिनी. माझा डोळा लागला.'"

मी पिशवी खाली ठेवली. जन्मभर मला हेच ऐकायचं होतं, आणि आता घरी जाऊन मुलाला काय सांगू, तेच मला कळेना.