चेंडूची जागा

“फेकला... मारला... आणि चेंडू सरळ समुद्रात!” रेडिओच्या जाळीला लावलेला कान न काढता मी ओरडलो.

“समुद्रमा?” खिडकीखालून, आमच्या कारखान्यात कापूस निवडणाऱ्या इंदिराबाईनं विचारलं. “मंग आते काय नारय लिसन खेळतीन?”

“नारळ कशाला? दुसरा चेंडू काढला. मनिलाला चेंडूंना तोटा नाही.”

खरं सांगायचं तर रेडिओतून मला समुद्रही ऐकू येत नव्हता आणि चेंडूही. कढईत सरकी भाजावी तसा तडतडाट येत होता, आणि मधूनच बुडत्या माणसाचं डोकं वर यावं तसा एक इंग्रजी आवाज. त्याचे चार शब्द हाती लागले की मी त्यांचे चाळीस करून खिडकीबाहेर सोडत होतो. बाहेर शे-दीडशे माणसं जीनच्या आवारात उकिडवी बसली होती.

चोपन्न साल, डिसेंबर महिना. त्या वर्षी कापूस असा आला होता, की जळगावच्या चिमण्यांना बसायला काळी जमीन सापडेना. बिचाऱ्या तापी ओलांडून चोपड्याला जात, घटकाभर पाय टेकत आणि परत येत. मी बन्सीलाल शेटच्या जिनिंग-प्रेसमध्ये, म्हणजे सरकी काढून रुईच्या गाठी बांधायच्या कारखान्यात, इंग्रजी पत्रं लिहायला होतो. अख्ख्या कारखान्यात इंग्रजी समजणारा मी एकटा, त्यामुळे मला किती समजतं हे तपासणारं कुणी नव्हतं.

मुंबईच्या दलालाचं पत्र आलं आणि हे सगळं सुरू झालं. लढाईपासून बंद पडलेले जपानी खरेदीदार पुन्हा मुंबईत दिसू लागले होते. पत्राच्या शेवटी दलालानं सहज लिहिलं होतं, की ही मंडळी सध्या एकाच गोष्टीत गुंग आहेत: मनिलाला चार देशांचे बेसबॉलचे सामने आहेत, त्यात जपान उतरला आहे. शेटनी पत्र तीनदा वाचून घेतलं.

“लीलाधर,” ते म्हणाले, “जपान जिंकला तर हे लोक खूश होतील की नाही?”

“होतील.”

“आणि खूश माणूस भाव ताणतो का?”

“नाही ताणत.”

“मग रेडिओ लाव!”

दुसऱ्या दिवसापासून सगळा कापूसबाजार जपानच्या बाजूला. धुळ्याला शेटचे मेहुणे होते, त्यांची रोज तार येई: जपान कसा? मी उलट तार करी: जपान बरा. एवढ्यावर धुळ्याचा बाजार संध्याकाळपर्यंत हलायचा.

खेळ मात्र कुणाला कळेना. कळत होता तो एकट्या कौतिकला, आणि कौतिक होता प्रेसच्या पेटीत उतरून पायांनी रुई तुडवणारा कामगार. तीस वर्षं तो खाली रुई तुडवत होता. वरून रुई पडे, हा दाबी, गाठ बांधून बाहेर जाई. मुंबईला, विलायतेला, जपानला. कौतिक मात्र पेटीत. बोलणं कमी, खोटं तर अजिबात नाही. माणूस एवढा खरा, की त्याच्याशी बोलायचं म्हटलं तर मला घाम फुटायचा.

त्यानं आवारात चार पोती मांडली, चार कोपऱ्यांना चार, आणि त्यांतल्या एकावर उभं राहून लोकांना समजावलं. “आठे उभा ऱ्हायना. चेंडू उना, मारा. पयाना. ह्या पोतावर, मंग त्या पोतावर, आनि फिरी आठेच उना, का एक.”

इंजिनवरचा नासीर फिटर कमरेवर हात ठेवून ऐकत होता. “घूम के फिर वहींच आना है,” तो म्हणाला, “तो भागना काहे कू?”

कौतिकनं चारही पोत्यांवरून एकदा नजर फिरवली. “साहेबले इचारी लेतू,” तो एवढंच म्हणाला.

हा साहेब मी पाहिलेला नव्हता. मी कारखान्यात आलो अठ्ठेचाळीसला. ही हकिकत नासीरनं सांगितलेली, म्हणजे शंभर टक्के खरी. माझी असती तर मीच सांगितलं असतं. लढाईपूर्वी एका जपानी कापूस कंपनीचा माणूस जळगावला खरेदीला असे. ओकाडा त्याचं नाव. तिशीचा, एकटा. संध्याकाळी जीनचा भोंगा झाला की तो आवारात येई, एका हातात चामड्याचा मोठा जाड पंजा घाली आणि भिंतीवर चेंडू मारत बसे. एक दिवस चेंडू उसळून प्रेसकडे गेला. पेटीतून नुकत्याच वर आलेल्या कौतिकनं तो उघड्या हातानं झेलला. चेंडू दगडासारखा, पण कौतिकच्या तळव्यांवर घट्टेच एवढे, की त्याला कळलंही नाही. साहेब हसला. त्या दिवसापासून सहा वर्षं, रोज संध्याकाळी, साहेब फेकी, कौतिक झेली. कौतिक फेकी, साहेब झेली. दोघांना एकमेकांची भाषा धड येत नव्हती. त्यामुळे भांडण कधी झालं नाही.

एक्केचाळीसच्या डिसेंबरात जपान लढाईत उतरला. पोलीस साहेबाला न्यायला आले ते नेमके चेंडू चालू असताना. बेडी घालायची तर हात पंज्यातून निघायला हवा. साहेबानं पंजा काढला, कौतिकच्या हाती दिला, चेंडू कोटाच्या खिशात टाकला आणि म्हणाला, “कौतिक, कल.”

ती उद्याची संध्याकाळ तेरा वर्षं झाली तरी आली नव्हती. कुणी म्हणे दिल्लीच्या किल्ल्यात ठेवलं, कुणी म्हणे राजस्थानात, कुणी म्हणे तापानं मेला, कुणी म्हणे बोटीनं घरी गेला. कौतिक दर दिवाळीला आधी पंज्याला सरकीचं तेल लावायचा, मग स्वतःच्या अंगाला. खंडेनवमीला कारखान्यातली हत्यारं पुजायला मांडत, पाने, हातोडे, गाठीच्या पट्ट्या ओढायच्या सांडशी. त्यांत एका फडक्यावर पंजाही असे, तळवा वर करून. बाया सगळ्या हत्यारांवर झेंडू ठेवत जात. पंज्यापाशी आल्या की कौतिक आडवा हात धरी. “काठवर ठेवा. मधमा नही. ती चेंडूनी जागा शे.”

आता असा माणूस खिडकीखाली फडक्यात गुंडाळलेला पंजा मांडीवर घेऊन बसलेला. रोज रेडिओ बंद झाला की सगळे पांगत, आणि तो मागं राहून हळूच विचारी, “भाऊ, साहेबनं नाव उनं का?”

“कौतिक, तुझा साहेब आता पंचेचाळिशीचा असेल. तो कशाला खेळेल?”

“मी पन्नासना शे. पेटीमा उतरस ना?”

पहिल्या दिवशी नाही म्हणालो. दुसऱ्या दिवशी नाही म्हणालो. तिसऱ्या दिवशी तो विचारायला आला, तेव्हा त्याच्या भुवयांवर रुईचे तंतू होते आणि त्यातून तो असा बघत होता, की माझ्या तोंडून निघून गेलं:

“आलं.”

“काय?”

“नाव. ओकाडा म्हणाला. दोनदा म्हणाला.”

कौतिकनं डोक्यावरची टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. मग पेटीत उतरला. त्या दुपारी तिथून निघालेल्या गाठी अशा कडक होत्या, की त्यांतली एक हमालाच्या हातून निसटली आणि फरशी फुटली. फरशी मी स्वतः पाहिली आहे.

दुसऱ्या दिवशी सामना नव्हता, तरी कौतिक दाढी करून, धुतलेलं धोतर नेसून आला. बातमी बाजारभर झाली होती. आपल्या जळगावचा साहेब जपानकडून खेळतोय! कालपर्यंत भावासाठी बसणारे लोक आता ओकाडासाठी बसू लागले. ज्यांनी त्याला जन्मात पाहिलं नव्हतं तेही त्याच्या सवयी सांगू लागले. कुणी म्हणे त्याला भरीत आवडे, कुणी म्हणे तो आमच्या आळीत राही.

शेवटच्या सामन्याला शेटनी अर्धा तास जीन बंद ठेवलं. जपान आणि मनिला. तडतडाट एवढा, की मला इंग्रजी आवाजसुद्धा धड लागेना. म्हणजे मला पूर्ण मोकळीक. मी जपानला आधी मागं ठेवलं, मग बरोबरीत आणलं, मग एकानं पुढं काढलं. लोकांचे श्वास माझ्या मुठीत होते. असं सुख पुन्हा कधी मिळालं नाही.

“आता समोर मनिलाचा शेवटचा गडी. ओकाडा पुढं झाला. चेंडू हातात घेतला...”

“ओ लीलाधरभाऊ,” इंदिराबाई ओरडली, “फेका कसा तो? दखाडा ना!”

मी खुर्चीवर चढलो. उजवा हात मागं नेला, गोफणीसारखा फिरवला आणि सोडला. “असा! आणि गडी बाद!”

आवार उसळलं. टोप्या उडाल्या. त्या गोंधळात कौतिक खिडकीशी आला. “भाऊ, उजवा हात?”

“उजवा!”

“नीट आयका. डावा नही ना?”

डावा-उजवा यानं काय फरक पडतो हे मला कळेना, पण खोटं बोलणाऱ्यानं शब्द फिरवू नये, हा माझा नेम. “अरे, स्पष्ट म्हणाला तो. उजव्या हाताचा ओकाडा.”

कौतिकनं मान हलवली. पंजा फडक्यात गुंडाळला. इकडे शेट जिलबी सांगत होते, धुळ्याला तार निघाली होती: जपान जिंकला. कौतिक गर्दीतून वाट काढत मागं गेला. इंजिनचं गरम पाणी जिथं हौदात पडतं तिथं त्यानं पंजा काठावर ठेवला, हौदात तांब्या बुडवला आणि अंगावरच्या कपड्यांसकट डोक्यावरून पाणी ओतलं. एक तांब्या, दुसरा, तिसरा.

मी जिलबीचं पान घेऊन त्याच्याकडे निघालो होतो. वाटेतच थांबलो. लांबच्या माणसाच्या मरणाची बातमी आली, की आपल्याकडे अशी आंघोळ करतात.

“कौतिक, हे काय? कोण गेलं?”

त्यानं ओल्या हातानं पंजा उचलला आणि माझ्या पुढं धरला. “घाला.”

मी डावा हात घालून पाहिला. अंगठा भलतीकडे येत होता. मग उजवा घातला. बसला.

“साहेब डावखोरा व्हता, भाऊ. उजवा हाते भाकर खाये, डावा हाते फेके. म्हनीसन पंजा उजवाले.” त्यानं तोंडावरचं पाणी निपटलं. “हाऊ कोनी दुसरा ओकाडा. आपलाकडे का कौतिक एकच शे?”

“मग असेल दुसरा! त्यानं तुझा साहेब मेला कसा?”

“मना साहेब जित्ता ऱ्हाता, तं तोच फेकता. दुसराना हातमा चेंडू देता का तो?”

माझ्या हातातली जिलबी गार झाली. आयुष्यात मी वाघ मारले होते, भुतं मारली होती, सातपुड्यातला एक अजगर तर दोनदा मारला होता. जिवंत माणूस मारायची ही पहिली वेळ.

त्या दिवशी मला सांगता आलं नाही. सांगायचं म्हणजे बाजारासमोर, शेटसमोर, धुळ्यासमोर सांगायचं. पण तीन दिवसांनी मुंबईचा इंग्रजी पेपर आला. कोपऱ्यात दोन ओळी होत्या: मनिलावाले जिंकले. ओकाडाचा उल्लेख नाही, कुणाच्याच नावाचा नाही. कारखान्यात ते वाचू शकणारा मी एकटाच. घडी घालून गप्प बसलो असतो तर कुणाला पत्ता लागला नसता. मी पेपर घेऊन प्रेसच्या पेटीच्या काठाशी जाऊन बसलो. कौतिक खाली तुडवत होता, कमरेइतक्या रुईत.

“कौतिक, वर ये.”

“सांगा ना आठूनच.”

“ते सगळं मी रचलं. मला काही ऐकू येत नव्हतं. जपान जिंकला नाही. ओकाडा हे नाव रेडिओनं घेतलंच नाही. उजवा हात माझा होता. हा बघ पेपर.”

तो थांबला. वर पाहिलं. नंतर हसला, आणि ते हसणं शिवीपेक्षा वाईट होतं, कारण त्यात माया होती.

“तुम्ही भला मानूस शेतस, भाऊ. माले बरं वाटाले सांगी ऱ्हायनात.”

“अरे छापलंय इथं!”

“पेपरमा बठ्ठं खरंच ऱ्हास का?”

मी आईची शपथ घातली. मी नासीरला बोलावून त्याच्यासमोर सांगितलं. नासीरनं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, “लीलाधरभाई, झूट बोलना तुम कू अच्छा जमता. ये नहीं जम रहा.”

कौतिक पुन्हा तुडवायला लागला. डावा, उजवा, डावा, उजवा. वरून रुई पडत राहिली आणि थोड्या वेळानं मला त्याची टोपीच तेवढी दिसत राहिली.

तेजीचं म्हणाल, तर रुई त्या हंगामात चढली. का चढली, देव जाणे. शेट मात्र मरेपर्यंत सांगत, जपान जिंकला म्हणून चढली.

पुढच्या खंडेनवमीला मी मुद्दाम लवकर गेलो. हत्यारं मांडली होती. पंजाही होता, तेल नुकतंच लावलेलं, चामडं ताज्या वांग्यासारखं चमकत होतं. इंदिराबाई झेंडूची टोपली घेऊन एकेका हत्यारावर फूल ठेवत येत होती. पान्यावर ठेवलं, हातोड्यावर ठेवलं. पंज्यापाशी आली, वाकली आणि सवयीनं काठावर ठेवायला गेली.

“मधमा ठेव व माय,” कौतिक म्हणाला.

तिनं त्याच्याकडे पाहिलं. मग टोपलीत हात घालून एक मोठं, गोल फूल शोधून काढलं आणि तळव्याच्या मधोमध ठेवलं.

फूल मुठीएवढं होतं. अगदी नीट बसलं.