सीटखालचा खर्ज

मित्रांनो, तुम्ही मला कदाचित पाहिले नसेल, पण माझ्यासारख्या एखाद्याच्या वर बसून तुम्ही प्रवास नक्की केला असेल. काही गाड्यांच्या पुढच्या सीटखाली एक चपटा काळा डबा असतो. त्यालाच सबवूफर म्हणतात. मी तसाच एक सबवूफर आहे आणि आता माझे बरेच वय झाले आहे. गाण्यातला सगळ्यात खालचा, जाड आवाज, म्हणजे खर्ज, तेवढाच मला काढता येतो. शब्द मला येत नाहीत, बासरी येत नाही. एखादे गाणे फक्त माझ्यातून ऐकलेत, तर शेजारच्या खोलीत कुणीतरी कपाट सरकवते आहे असेच तुम्हाला वाटेल.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. जाड कागद दाबून माझा पडदा केला, त्याच्या कडेला रबराची मऊ झालर चिकटवली आणि मागे तांब्याच्या तारेचे वेटोळे व लोहचुंबक बसवले. आवाज वाढवणारे यंत्रही माझ्या डब्यातच होते. तपासणीच्या टेबलावर बसणाऱ्या बाईंनी मला वीज जोडली आणि तळहात पडद्याजवळ धरला. हाताला वारा लागला तशा त्या शेजारणीला म्हणाल्या, "हा छान धडधडतोय." जगात ऐकलेली ती माझी पहिली तारीफ.

माझ्या पहिल्या मालकाला माझे फार कौतुक होते. जरा जास्तच होते. तो तरुण होता, त्याची गाडी चकचकीत होती आणि तो मला कायम पूर्ण जोरात वाजवायचा. रस्त्याकडेच्या दुकानांच्या काचा थरथरायच्या. म्हातारी माणसे कानांवर हात ठेवायची. त्याला गाणे ऐकायचे नसायचे, आपण आलो आहोत हे सगळ्यांना कळवायचे असायचे. मला वाटायचे, आपल्यासारखे नशीब कुणाचे नाही. पण अशाने माझी रबरी झालर एका बाजूने फाटली आणि माझा आवाज फरफरू लागला. मग त्याने माझ्याहून मोठा सबवूफर घेतला आणि मला फिटरमामांच्या दुकानात सोडून दिले.

फिटरमामा गाड्यांचे वायरिंग करायचे. सगळा रस्ता त्यांना मामाच म्हणायचा. त्यांनी माझी झालर नीट चिकटवली, एकदा वाजवून पाहिले आणि मला फळीवर ठेवले. तिथे मी पडून राहिलो. येणाऱ्या गिऱ्हाइकाला नवे कोरे हवे असायचे. हळूहळू माझ्यावर स्क्रूंचे डबे आले, मग चिकटपट्ट्या आल्या, शेवटी मामा चहाचा कपही माझ्यावरच टेकवू लागले. मित्रांनो, आपला उपयोग संपला असे वाटणे फार वाईट असते. धूळ साचते त्याचे काही नाही, ती पुसता येते.

एके दिवशी दुकानापुढे एक उंच जीप येऊन थांबली. चाकांपासून आरशांपर्यंत चिखलाने माखलेली. तिच्यातून उतरल्या त्या जनावरांच्या डॉक्टर होत्या. डोंगरातल्या वाड्या-वस्त्यांवर, जिथे साधी गाडी जात नाही, तिथे त्या गाई-म्हशी, शेळ्या तपासायला जात. मामा त्यांना डॉक्टरताई म्हणत.

"मामा, गाडीतला आवाज कमी पडतोय," त्या म्हणाल्या.

"मोठा करून हवाय का?"

"मोठा नको. खालचा हवाय."

मामांनी हातातला पेचकस खाली ठेवला. "म्हणजे?"

मग डॉक्टरताईंनी सगळे सांगितले. त्यांचे वडील एका ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवायचे. बेस म्हणजे चार जाड तारांची, खर्जात बोलणारी गिटार. अर्धे आयुष्य त्यांनी तीच वाजवली. मागच्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला. पाय सावरला, बोलणेही सावरले, पण डावा हात मागे राहिला. गिटार कपाटावर चढली आणि बाबा खिडकीपाशी बसून राहू लागले. धड जेवायचे नाहीत की धड बोलायचे नाहीत. निदान मोकळी हवा लागावी म्हणून डॉक्टरताई त्यांना जीपमध्ये शेजारी बसवून फिरतीवर नेऊ लागल्या.

"त्यांच्या ऑर्केस्ट्रातल्या गायिकाबाईंनी जुन्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग पाठवलं. म्हटलं, बाबा खूश होतील. गाडीत लावलं, तर पहिल्याच गाण्यात त्यांनी हात पुढे करून बंद केलं. म्हणाले, 'यात मी नाहीच.' मला वाटलं, चिडून बोलतायत. मग मी एकटीने कान देऊन ऐकलं. गाणं आहे, ड्रम आहे, ट्रम्पेट आहे. बाबा खरंच नाहीत हो मामा. त्या दिवसापासून ते गाडीतही यायचं नाही म्हणतात."

"असणार. रेकॉर्डिंगमध्ये असणार," मामा म्हणाले. "दारातले ते बशीएवढे स्पीकर. त्यांना तेवढ्या खालचं काढताच येत नाही, ते तरी काय करणार?"

"पण मागे मोठा डबा ठेवायला जागा नाही. औषधं असतात, दोर असतात, कधी कधी वासरूही असतं. आणि कंपनीची सिस्टीम काढायची नाही. मागचा कॅमेरा तिच्याच पडद्यावर दिसतो. चिखलात गाडी मागे घेताना तो लागतोच."

"तिला हातही लावत नाही. स्पीकरकडे जाणाऱ्या तारांतूनच आवाज उचलतो." असे म्हणत मामांनी फळीवर नजर फिरवली आणि ती माझ्यावर थांबली. त्यांनी चहाचा कप उचलला, स्क्रूंचे डबे बाजूला केले आणि बाहीने मला पुसले. "हा मापात बसेल. जुना आहे, पण गळा शाबूत आहे."

माझ्या मनात काय झाले ते मी कसे सांगू?

मामांनी मला डाव्या सीटखाली बसवले. ओढ्यातून जाताना जीपमध्ये पाणी शिरते हे कळल्यावर त्यांनी माझ्याखाली रबराच्या जाड पट्ट्या दिल्या. बॅटरीपासून स्वतंत्र तार आणली आणि तिच्या तोंडाशीच फ्यूज लावला, म्हणजे काही बिघडले तर आधी फ्यूज जळेल, गाडी नाही. मग इंजिन सुरू केले आणि माझ्यातून गाण्याऐवजी कुईंऽऽ असा किरटा आवाज येऊ लागला. इंजिन वाढले की तोही वाढायचा. मी घाबरलो. म्हटले, आता परत फळीवर. मामा मात्र शांतपणे खाली वाकले, माझी अर्थिंगची तार सीटच्या बोल्टखालून सोडवली, तिथला रंग खरवडून पत्रा उघडा केला आणि ती पुन्हा आवळली. कुईं थांबले. त्यानंतर माझ्या आवाजाने दाराचे आतले आवरण खडखडू लागले, सुयांची पत्र्याची पेटी किणकिणू लागली. मामांनी जिथे तिथे जाड कापडाच्या पट्ट्या चिकटवल्या.

शेवटी ते माझा आवाज ठरवायला बसले आणि बटण मागे, आणखी मागे फिरवत गेले.

"मामा, चालू आहे ना तो?" डॉक्टरताईंनी विचारले.

मामांनी मला बंद केले. गाणे एकदम पातळ झाले. परत सुरू केले, तसे ते भरले. "कळलं? आहे तोवर कुणाचं लक्ष जाता कामा नये. गेला की चुकल्यासारखं वाटलं पाहिजे."

खरे सांगतो, मला आधी वाईट वाटले. पूर्वी मी गल्लीभर ऐकू जायचो आणि आता मी आहे हे गाडीतल्या माणसालाही कळायचे नव्हते.

दुसऱ्या दिवशी आईंनी, म्हणजे डॉक्टरताईंच्या आईंनी, बाबांना कसेबसे जीपपर्यंत आणले. "मीही येते बरोबर, मग तर झालं?" असे म्हणत त्या मागच्या सीटवर औषधांच्या खोक्यांना टेकून बसल्या. बाबा पुढे, माझ्या वरच्या सीटवर. मला कुणी काही सांगितले नव्हते, त्यांनाही नाही. रस्ता असा होता की दगड कुठले आणि रस्ता कुठला हे जीपलाच ठाऊक. डोंगरावरच्या एका गोठ्यात विताना अडलेली गाय होती. डॉक्टरताईंनी तिला सोडवले, कोपरापर्यंत हात धुतले आणि परतताना एका सपाट माळावर जीप उभी केली. इंजिन बंद केले. मग ते जुने रेकॉर्डिंग लावले.

पहिले सूर दारातल्या स्पीकरांतून आले आणि बाबांचा उजवा हात लगेच बटणाकडे गेला.

तेवढ्यात माझ्याकडे काहीतरी आले. जाड, सावकाश, आपल्या जागी नेमके पडणारे. एक सूर, मग दुसरा, मग दोन जोडीने. गल्लीभर धडधडायचो तेव्हा असे काही मला कधी कुणी दिले नव्हते. मी ते जपून पुढे पोचवले. बाबांचा हात बटणापाशी अडला.

"खाली काय वाजतंय हे?" मागून आईंनी विचारले.

बाबांनी हात मागे घेतला.

"अहो, विचारतेय मी. हे वाजवतंय कोण?"

"मी," बाबा म्हणाले.

आई दोन सीटांच्या मधून पुढे वाकल्या. त्यांनी कान खाली माझ्याकडे केला. "मी प्रत्येक कार्यक्रमाला पहिल्या रांगेत असायचे," त्या म्हणाल्या. "शेजारच्या बायका विचारायच्या, तुमचे मिस्टर काय वाजवतात? मी म्हणायचे, ते मागे उभे असतात. दुसरं काय सांगणार? मला कधी वेगळं ऐकूच आलं नाही."

"आता दुसऱ्या कडव्याकडे लक्ष दे. मी चुकलोय तिथे."

दुसरे कडवे आले. एक सूर जरासा घसरला आणि लगेच सावरला.

"तेव्हा कुणालाही कळलं नव्हतं," बाबा म्हणाले.

"मला कळलं की. आत्ता."

बाबा हसले. झटक्यानंतर त्यांचे ओठ एका बाजूलाच वर जात, पण हसू पुरते होते. डॉक्टरताई खाली वाकून बुटांचा चिखल काढत बसल्या. बुटांना तसा फारसा चिखल नव्हता.

"परत लाव," बाबा म्हणाले.

त्या वेळी सीटचा पट्टा त्यांच्या छातीवरून आडवा गेलेला होता. गाणे पुन्हा सुरू झाले, तसा त्यांनी आपला डावा हात उजव्या हाताने उचलून त्या पट्ट्यावर ठेवला. बोटे नुसती पडून होती. मग एक बोट दाबले गेले. गाण्याच्या मागून, फार उशिरा, पण दाबले गेले.

त्या दिवसापासून बाबा फिरतीवर स्वतःहून येऊ लागले. व्यायामासाठी दिलेला रबरी चेंडू त्यांनी महिनोन्महिने टेबलावरच ठेवला होता. पण आता रस्ता कितीही हादरो, त्यांची बोटे सीटच्या पट्ट्यावर चालत असायची. पुढे आईंनी स्टुलावर चढून कपाटावरची गिटार खाली काढली. बाबांना जलद गाणी जमेनात, तेव्हा त्यांनी संथ गाणी निवडली.

एकदा ओढ्याचे पाणी सीटपर्यंत चढले आणि मी पार भिजलो. माझा आवाज बसला. डॉक्टरताई म्हणाल्या, "बाबा, नवीन घेऊ." बाबांनी ऐकून घेतले, मला सोडवून बाहेर काढायला लावले आणि डॉक्टरताई गोठ्यात शेळ्या तपासत असताना मला मांडीवर उपडे धरून उन्हात बसून राहिले. पडद्याला बोट लागू नये म्हणून ते मला कडेनेच धरत होते. मी वाळलो आणि पुन्हा बोलू लागलो.

वर्षे गेली. जीप थकली आणि डॉक्टरताईंनी दुसरी गाडी घेतली. तिच्यात खर्जासकट सगळे कंपनीतूनच आले होते. जीप जायच्या आदल्या दिवशी बाबा म्हणाले, "सीटखालचा डबा तेवढा मला काढून द्या." फिटरमामा घरी आले. त्यांनी मला घरच्या विजेवर चालेल असे केले, वरचे सूर मला झेपत नाहीत म्हणून शेजारी एक छोटा स्पीकर दिला आणि बाबांची गिटार आम्हा दोघांना जोडली. तोवर मी साठवून ठेवलेलेच आवाज वाजवत आलो होतो. त्या दिवशी पहिल्यांदा समोरच्या माणसाने तार छेडली आणि त्याच क्षणी ती माझ्यातून वाजली. सूर थोडा कापरा होता. मला तो फार आवडला.

मित्रांनो, माझी तुम्हाला एवढीच विनंती आहे. आमच्यासारख्या वस्तूंना ताकदीपलीकडे ओरडायला लावू नका. फाटले तर आधी चिकटवून पाहा. भिजले तर उन्हात धरा. आणि गाणे ऐकाल तेव्हा एकदा तरी मागे उभ्या असलेल्याला शोधून ऐका. तो असतो.

आता मला थांबायला हवे, कारण आज तालीम आहे. ऑर्केस्ट्रातल्या गायिकाबाई आल्या आहेत. त्यांचेही केस पिकले आहेत. पुढच्या रविवारी जनावरांच्या दवाखान्याच्या अंगणात छोटासा कार्यक्रम ठरला आहे. बाबांनी गिटार गळ्यात घातली, आई माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या. गायिकाबाईंनी एक ओळ म्हटली आणि मध्येच थांबल्या.

"अरे, जरा वाढव की तुझा आवाज," त्या बाबांना म्हणाल्या. "तू ऐकू आल्याशिवाय मला गाता येत नाही."

बाबांचे दोन्ही हात गिटारवर होते. आईंनी वाकून माझे बटण पुढे फिरवले.