तुटणारा दोरा

रत्नागिरीच्या मिरकरवाड्यात कुणाच्या होडीचं शीड फाटलं की ते उचलायचं आणि भिकाजीच्या पडवीत आणून टाकायचं, असा शिरस्ताच होता. भिकाजीची पन्नाशी उलटली होती, पण नजर शाबूत होती आणि टाका असा की कापड फाटेल, टाका उसवणार नाही. पार हर्ण्यापर्यंतचे नाखवे हे बोलून दाखवत, आणि भिकाजी मान खाली घालून सुई ओढत ऐकून घेई. फुशारकी मारणारा माणूस नव्हता तो. पण ऐकायला त्याला आवडे, हे त्याची बायको कमळा पुरतं ओळखून होती.

एकोणीसशे चौतीस सालच्या माघात रत्नागिरीत फुगेवाला आला. आत्माराम त्याचं नाव, मिरजेकडचा. कापडाचा भलामोठा फुगा धुरानं फुगवायचा, त्याला लटकून आभाळात जायचं आणि तिथून हवाई छत्रीनं खाली उतरायचं, हा त्याचा खेळ. छत्रीची घडी घालायचं काम त्याची बायको गोदा करी. दुसऱ्या कुणाचा हात तो त्या कापडाला लागू देत नसे. पण येताना आंबा घाटात त्यांची बैलगाडी कलंडली आणि गोदाचं उजवं मनगट मोडलं. हाडवैद्यानं कामट्या बांधून हात गळ्यात अडकवून दिला. खेळाची दवंडी तर पिटून झाली होती. कापडाची जाण असलेलं माणूस कोण, असं गोदानं बंदरावर विचारलं, तेव्हा ज्याच्या त्याच्या तोंडी एकच नाव आलं.

शिकवणी भिकाजीच्या अंगणात सुरू झाली. सारवलेल्या जमिनीवर चादर, चादरीवर छत्री पसरलेली. पांढरंशुभ्र रेशीम, आणि त्याच्या कडेकडेनं निघालेल्या लांबच लांब दोऱ्या. भिकाजीनं असं कापड जन्मात हाताळलं नव्हतं. शेजारचा रावजी तंबाखू मळत पायरीवर येऊन बसला होता. त्याला दुसरा उद्योग नव्हता.

"मामा, आधी ह्या पाकळ्या एकीवर एक पाडायच्या," गोदा सांगू लागली. "दोरीला पीळ पडू द्यायचा न्हाई. न समजलं तर इचारा हं. माझ्या मालकाचा जीव हाय ह्यात."

"कळलं," भिकाजी म्हणाला.

"दोऱ्या अशा नागमोडी ठेवायच्या. गुंडाळायच्या न्हाईत."

"कळलं, कळलं."

खरं तर कळलं नव्हतं. दोर म्हटला की तो गुंडाळायचा, हे त्याचे हात जाणत होते. इथं गुंडाळायचा नाही म्हणजे का नाही? त्यानं विचारायला तोंड उघडलं, तेवढ्यात रावजी पायरीवरून म्हणाला, "काय गो बाय, आमच्या भिकाजीला घडी घालायला शिकवतंस? मग माशाला पोहायलापन शिकव!"

गोदा हसली. भिकाजीही हसला, आणि उघडलेलं तोंड मिटलं. पोरगी त्याच्या धाकट्या लेकीच्या वयाची. तिला काय 'का, का' करून विचारायचं? हातांनी करून दाखवलं की झालं.

आणि हातांनी त्यानं खरंच करून दाखवलं. एकदा पाहिलेली घडी तो दुसऱ्यांदा तिच्याहून नेटकी घाली. "मामा, तुमच्या हातात जादू हाय," असं ती म्हणाली, तेव्हा कमळानं चुलीकडून त्याच्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवून हसली.

शेवटी राहिलं पिशवीचं तोंड. घडी घातलेली छत्री जाड कापडाच्या पिशवीत बसे आणि पिशवी फुग्याच्या कड्याला टांगली जाई. गोदानं ओच्यातून पांढऱ्या सुताचं एक रीळ काढलं.

"तोंड ह्या दोऱ्यानं शिवायचं. पर ह्यो दोरा तुटतोय बरं का, मामा. ध्यानात ठिवा."

"कळलं."

घडी पुन्हा मोडायचीच असल्यानं सरावात पिशवी कधी शिवली गेली नाही. गोदा रीळ ठेवून निघून गेली. भिकाजीनं तो दोरा बोटांवर घेऊन ओढला. कट्कन तुटला. गोधडीला घालायच्या लायकीचा नव्हता. त्याला त्या पोरीची कीव आली. नवऱ्याचा जीव टांगायचा आणि दोरा असला! बिचारी तोंडानं सांगते, दोरा तुटतोय म्हणून. दुसरा घ्यायची ऐपत नसेल. हे तिला विचारावं तर ती ओशाळेल, असं त्याच्या मनात आलं, आणि न विचारायला त्याला एक चांगलं कारण मिळालं.

खेळाच्या दिवशी सकाळी गोदासमोर घडी घातली गेली. एकही दोरी चुकली नाही. पण तिचा हात रात्रीपासून सुजला होता आणि कामट्या सैल करायला हाडवैद्य दारात येऊन उभा राहिला. "तोंड तेवढं शिवा मामा, मी आलेच," असं म्हणून ती उठली. भिकाजीनं भिंतीवरच्या खुंटीचा आपला दोरा काढला. तिपदरी, मेणात ओढलेला, शिडाचा. भर दर्यात वारा शीड फाडून नेई, पण हा दोरा हलत नसे. गोदानं सांगितले होते तितकेच टाके त्यानं घातले, आवळून गाठ मारली आणि वरून पिशवीची झडप लावली.

"शिवलं?" गोदानं परत येऊन विचारलं.

"शिवलं."

तिनं झडप उघडून पाहिली नाही. त्याच्यावर विश्वास बसला होता तिचा.

दुपार कलल्यावर सगळी रत्नागिरी सड्यावर लोटली. उघड्या कातळावर दगडांची मोठी चूल रचली होती, तिच्यात लाकडं आणि ओला पाला धुमसत होता, आणि धुरानं फुगा हळूहळू अंग धरत होता. मिरकरवाड्यातल्या गड्यांनी त्याचे दोर धरले होते. वारा दर्यावरून आत वाहत होता, तसाच हवा होता. उलट फिरला तर माणूस थेट समुद्रात जाऊन पडायचा, म्हणून उन्हं आहेत तोवर उडी व्हायला हवी होती.

रावजी येईल त्याला सांगत होता, "छत्री आमच्या भिकाजीनं बांधलीय. आमच्या वाड्यातला मानूस!" लोक वळून वळून भिकाजीकडे पाहत होते. त्यानं धुतलेला सदरा घातला होता.

कमळा गोदाच्या शेजारी दगडावर बसली होती. टांगलेल्या पिशवीकडे टक लावून बघताना तिला प्रश्न पडला, आणि प्रश्न पडला की तो पोटात ठेवायची तिला सवय नव्हती.

"गो गोदा, पन ती पिशवी तर शिवून टाकलीत तुमी. मग छत्री बाहेर येनार कशी?"

"दोरा तुटतोय की, मावशी," गोदा म्हणाली. "त्यासाठीच कच्चा घ्यायचा. मानसानं उडी टाकली की त्याच्या वजनानं दोरा तुटतो, तोंड उघडतं आन् छत्री वढून भाईर येती. न्हाई तुटला तर मानूस पिशवीला लोंबकळत ऱ्हाईल, आन् धूर निवला की फुग्यासंगं दगडावानी खाली येईल. पक्क्या दोऱ्याचं कामच न्हाई हितं."

भिकाजी दोन पावलांवर उभा होता. त्यानं सगळं ऐकलं.

तुटतोय. म्हणजे तुटायचाच असतो. तिनं दोऱ्याचं काम सांगितलं होतं, आणि त्यानं दोऱ्याची खोड ऐकली होती.

मेणाचा वास अजून त्याच्या बोटांना होता. कदाचित तुटेलही, असं त्यानं मनाला सांगून पाहिलं. पण तो दोरा त्यानं स्वतः वळला होता. तुटणार नव्हता. पलीकडे आत्माराम फुग्याखालच्या आडव्या दांडीवर बसून, छत्रीच्या दोऱ्या जोडलेले छातीचे पट्टे आवळत होता. ताशा सुरू झाला.

आता सांगायचं ते एवढ्या लोकांत? रावजीसमोर? भिकाजी गर्दीतून वाट काढत आत्मारामजवळ गेला, आणि त्याच्या तोंडून निघालं ते भलतंच.

"वारा बरा नाय आज. आज नको उडी."

आत्मारामनं मान वर करून धुराकडे पाहिलं. "वारा तर झकास हाय, मामा."

"फिरेल तो. मी दर्यावरचा मानूस हाय, मला समजतं."

"फिरायच्या आत येतो की खाली," आत्माराम हसून म्हणाला. "तुम्ही बांधलेली छत्री हाय. भ्या कशाचं?"

त्या शब्दांनी भिकाजीला आतून चरका बसला. माणूस मरायला निघाला होता, आणि भिकाजी अजूनही स्वतःचं नाव सांभाळत होता. गडी दोर सैल करू लागले. फुगा हिसका देऊन वर उचलला गेला. भिकाजीनं दोन्ही हातांनी आत्मारामखालची दांडी धरली आणि तिला लोंबकळला.

"सोडू नका! दोर सोडू नका!"

लोक खदखदून हसले. "म्हाताऱ्यालापन उडायचं हाय!" कुणीतरी ओरडलं. "बसव रे त्याला मांडीवर!"

"दोरा माझा हाय!" भिकाजी ओरडला. त्याचा आवाज चिरकला. "पिशवी मी शिडाच्या दोऱ्यानं शिवलीय. तो तुटनार नाय!"

ताशा आधी थांबला. मग हसू थांबलं. गड्यांनी दोर ओढून फुगा खाली धरला. आत्मारामनं पट्टे सोडले आणि तो खाली उतरला. त्यानं पिशवी उतरवली, झडप उघडली, आणि कमरेचा चाकू टाक्यांत घातला. चाकूनं दोरा चटकन कापला जाईना. करवतीसारखा घासावा लागला. जमलेली सगळी माणसं ते पाहत होती.

गोदा धावत आली. कापलेला दोरा तिनं उचलून बघितला.

"मी सांगितलं हुतं न्हवं, दोरा तुटतोय म्हणून?"

"सांगितलंस. मला वाटलं, दोरा हलका म्हनून सांगतेस."

"मग इचारायचं की, मामा! मी रोज म्हनत हुते, इचारा म्हनून."

"लाज वाटली विचारायची," भिकाजी म्हणाला.

तिनं तो दोरा त्याच्या हातावर ठेवला आणि ती पिशवीकडे वळली.

फुग्यातला धूर निवत चालला होता, लोक ओरडत होते. आत्मारामनं चूल पुन्हा पेटवायला सांगितली. पण गोदा त्या पिशवीचं नुसतं तोंड शिवून भागवायला तयार होईना. तिनं सगळी छत्री बाहेर काढायला लावली. "घडी तुमीच घालायची. मला एकच हात हाय. पर आता तोंडानं बोलत घालायची."

सड्यावर, सगळ्यांच्या देखत, भिकाजी गुडघ्यांवर बसला. आणि त्यानं विचारलं. दोऱ्या गुंडाळायच्या का नाहीत? गुंडाळल्या तर उघडताना एकमेकींत अडकतात, गोदानं सांगितलं. घड्यांमध्ये ही पांढरी पूड का? दमट हवेत रेशीम चिकटतं म्हणून. ही घडी आतच का? ती बाहेर का नाही? प्रत्येक प्रश्नाला गर्दीतून हशा उठे. "भिकाजीला बिगरीत बसवा रे!" रावजी ओरडला. सर्वांत मोठ्यानं तोच हसत होता. भिकाजीचे कान तापून लाल झाले होते, पण त्यानं विचारणं सोडलं नाही. तोंड शिवायची वेळ आली तेव्हा त्यानं सुई गोदापुढे धरली. तिनं डाव्या हातानं, वेडेवाकडे, स्वतःच टाके घातले.

उन्हं तिरपी झाली तरी वारा टिकला. आत्माराम वर गेला, फुगा बोटाएवढा दिसू लागला, आणि त्याखालून एक काळा ठिपका सुटला. मग पांढरं फूल उमललं. एकच आरोळी उठली आणि सगळी गर्दी छत्रीच्या सावलीमागे पळत सुटली. गोदा मात्र खाली बसली आणि तिनं तोंड पदरात घातलं. भिकाजी तिच्याकडे बघू शकला नाही.

आत्मारामला खांद्यावर घेऊन लोक परत आले. गाडी जुंपली गेली. पुढचा खेळ संगमेश्वरला होता, आणि गोदाचा हात काही इतक्यात बरा होणार नव्हता. भिकाजीनं गोळा केलेली छत्री उचलून गाडीकडे नेली, तसा आत्माराम पुढे झाला.

"असू द्या, मामा. मी ठेवतो." त्यानं गाठोडं त्याच्या हातून काढून घेतलं. आवाजात राग नव्हता. तो म्हणाला, "तुमी वरडलात म्हनून मी हाय, ते इसरनार न्हाई. पर संगमेश्वरला चला, असं काय म्हनवत न्हाई मला."

"नको म्हनू," भिकाजी म्हणाला. मग तो गोदाकडे वळला. "पोरी, तिकडे कुनी शिकायला आलं, तर त्याला पिशवी शिवायला लाव. आनि मग ओढून तोडायला लाव. तुझ्यासमोर. 'कळलं' म्हनाला तरी लाव."

"लावते, मामा," ती म्हणाली.

गाडी उताराला लागली. कमळा पदर खोचून उठली आणि भिकाजीला म्हणाली, "चला आता."

एरवी कुठून परतताना भिकाजी पुढे चाले आणि कमळा मागून. आज तो तिच्या मागून चालू लागला, आणि वाटेत कुणी सड्यावरच्या प्रकाराबद्दल विचारलं की थांबून तिच्या देखतच सांगू लागला, "मला कळलं नव्हतं, आनि मी विचारलं नाय."