क्लच कुणी जाळला?

माझ्या सासऱ्यांना सगळं गाव ‘सर’ म्हणतं. त्यांनी ना गणित शिकवलं ना इतिहास. त्यांनी लोकांना गाड्या चालवायला शिकवल्या. शिकणाऱ्याची बोटं क्लचवर उगाच विसावलेली दिसली की सर त्यांवर लाकडी पट्टी हाणत. त्यामुळे ते निवृत्त झाले तेव्हा निरोपाला आलेली बरीच मंडळी रडण्यापेक्षा बोटं चोळत होती.

असे हे सर मोटरसायकलवरून पडले. मोटरसायकल उभी होती. स्टँडवर. ते चढत होते. पाय मोडला, प्लास्टर बसलं, आणि “रस्ता खराब होता” असं ते भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगू लागले.

मी घरोघर जाऊन तपासणीसाठी रक्त काढते, म्हणून सर मला ‘डास’ म्हणतात. फार आदर दाटून आला तर ‘डासबाई’. नवरा बोटीवर नोकरीला, वर्षाचा बराच काळ समुद्रात. म्हणजे या घरातला शहाणा माणूस तोच. माझी स्कूटर त्याच सुमारास म्हातारपणाने वारली, आणि नाइलाजाने सरांची मोटरसायकल माझ्या हाती आली.

तेव्हाच कळलं की गाडीचं काहीतरी बिनसलंय. चढ लागला की इंजिन गळा काढायचं आणि गाडी मात्र जागच्या जागी विचार करत बसायची. एकदा तर भाजीवाल्याने हातगाडी ढकलत मला मागे टाकलं आणि वर “येऊ का ढकलायला?” असंही विचारलं. वर टेकडीवर माझे पेशंट उपाशीपोटी ताटकळत बसलेले. उपाशी माणसाचं रक्त काढणं सोपं, त्याचं तोंड ऐकून घेणं अवघड.

“क्लच घसरतोय,” सरांनी निदान केलं. “जाळलास तू. पोरींनो, तुमच्या हाताला हळुवारपणा म्हणून नाही.”

गाडी गॅरेजला न्यायचा प्रश्नच नव्हता. सरांनी गावातल्या झाडून सगळ्या मेकॅनिकांशी भांडून ठेवलं होतं. शेवटच्याने तर निरोप धाडला होता, “गाडी जरूर आणा, सरांना घरी ठेवा.”

म्हणून रविवारी सकाळी ओसरीवर जुनी चादर अंथरून आम्ही बसलो. सर खुर्चीत, प्लास्टरचा पाय स्टुलावर, हातात दाखवायला छत्री. मी खाली पान्यांसोबत. सासूबाई दारात, म्हणाल्या, “मी फक्त बघायला आलेय.” क्लचच्या नव्या प्लेटा मी सरांच्या हुकमावरून आदल्या दिवशीच इंजिन ऑइलमध्ये भिजत घातल्या होत्या. भांडं सासूबाईंच्या केकचं होतं, हे त्यांना आत्ता दिसलं.

“या भांड्यात आता केक केला तर तो तुम्हीच खायचा,” त्या सरांना म्हणाल्या.

मी ऑइल काढलं, किक काढली, क्लचची केबल सोडवली. कव्हरचे बोल्ट लांबीला वेगवेगळे, म्हणून निघतील तसे ते अंड्यांच्या ट्रेमध्ये ओळीने ठेवत गेले. बोल्ट सगळे निघाले, पण कव्हर काही हलेना. सासूबाईंनी पायातली चप्पल काढली. मला वाटलं, सरांसाठी. सरांनाही तसंच वाटलं. ते खुर्चीत जरा मागे सरकले. पण सासूबाईंनी चपलेने कव्हरच्या कडेकडेने चार धपाटे दिले आणि कव्हर सुटून चादरीवर आलं.

“हं,” सर म्हणाले. “पद्धत चुकीची आहे.”

मग स्प्रिंगांचे बोल्ट समोरासमोरचे थोडेथोडे सैल केले, दाबाची प्लेट उचलली आणि आतल्या प्लेटा एकेक करून बाहेर काढल्या. घर्षणाच्या प्लेटा झिजून पापुद्र्यासारख्या झालेल्या. त्यांच्या मधल्या पोलादी प्लेटा जळून निळ्या-काळ्या पडलेल्या. वास असा, की सासूबाईंनी पदर नाकाला लावला.

“बघ!” सर गरजले. “बघ, डासबाई, आपली करणी!”

“अहो, पण असं होतं कशाने?” सासूबाईंनी विचारलं.

आता, शिकवणाऱ्या माणसाला प्रश्न विचारला की त्याचा स्वतःवर ताबा राहत नाही. सरांनी छत्री पट्टीसारखी धरली. “एका दिवसात हे होत नाही. याला वर्षं लागतात. काही गाढवांना कायम क्लचवर दोन बोटं ठेवून चालवायची सवय असते. क्लच धड दाबलेला नाही, धड सोडलेला नाही. प्लेटा सारख्या घासत राहतात, तापतात, आणि…”

इथे सर थांबले.

“दोन बोटं,” सासूबाई सावकाश म्हणाल्या. “कुठली दोन?”

“कुठलीही.”

“नाही, मी आपलं विचारते. लग्न झाल्यापासून मी तुमच्या मागे बसतेय. मागून दिसतं काय? एक मान आणि डाव्या हाताची दोन बोटं. मान कधी वळली नाही आणि बोटं कधी उचलली गेली नाहीत. मला वाटायचं, गाडी अशीच धरतात.”

“ती सवय नव्हे,” सर म्हणाले. “ती सावधगिरी.”

सासूबाईंना हसू फुटलं. आधी पदराआड, मग उघड, मग अशा हसल्या की उंबऱ्यावर बसकण मारावी लागली. मी मान खाली घालून कव्हरखालच्या जुन्या गॅस्केटचे चिकटलेले तुकडे खरवडत राहिले. पगार मिळाला असता तरी मी त्या क्षणी वर बघितलं नसतं.

नेमके तेव्हाच सरांचे एक जुने विद्यार्थी पायाची चौकशी करायला आले. आता एसटी चालवतात, मिशा पिकल्यात, तरी सरांसमोर हात मागे बांधूनच उभे राहतात. त्यांनी चादरीवरच्या प्लेटा पाहिल्या आणि हळहळले.

“अरेरे! कुणी जाळल्या सर? सांगा नाव. बोटं मोडायला हवीत त्याची!”

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता माझं नाव येणार. मी उत्तरही तयार ठेवलं होतं, आणि ते सुनेच्या तोंडी शोभणारं नव्हतं. सरांनी सासूबाईंकडे पाहिलं. त्या डोळे पुसत होत्या.

“पाय मोडलाय त्याचा,” सर म्हणाले. “सध्या तेवढं पुरे.”

ड्रायव्हरकाकांना समजायला थोडा वेळ लागला. समजल्यावर बिचारे हसावं की पाया पडावं अशा पेचात सापडले. शेवटी त्यांनी बाह्या सरसावल्या आणि माझ्याशेजारी बसले. नव्या प्लेटा एकाआड एक बसवल्या, स्प्रिंगा आवळल्या, नवं गॅस्केट लावून कव्हर बंद केलं, ऑइल ओतलं, केबलला हवी तेवढी ढिलाई दिली. सर मधूनमधून सूचना करत होते, पण आता सूचनेच्या शेवटी “बघ बुवा” असं म्हणत होते. हे नवीन होतं.

“चालवून कोण बघतंय?” मी विचारलं.

“मी,” सासूबाई म्हणाल्या.

सरांनी अर्ध्या गावाला गाडी शिकवली, फक्त बायकोला “तुला जमायचं नाही” म्हणून टाळलं. आज नाही म्हणायची सोय नव्हती. त्यांनी छत्री खाली ठेवली आणि सांगू लागले, “क्लच पूर्ण दाब. पहिला गिअर. आता हळू सोड. हळू, अगं हळू…” गाडी दोनदा आचका देऊन बंद पडली. तिसऱ्यांदा उचलली ती फाटकातून सरळ बाहेर. ड्रायव्हरकाका मागे धावले. सर एका पायावर उभे राहून “ब्रेक! ब्रेक!” ओरडत होते. मी त्यांना धरू की हसू, या विचारात होते.

गल्लीच्या टोकाला बांधकामाची वाळू होती. सासूबाई त्यात शिरूनच थांबल्या. पण उभ्या, ताठ, राणीसारख्या. ड्रायव्हरकाकांनी गाडी वळवून दिली आणि म्हणाले, “काकू, आता मागे बसा.” त्यांनी ऐकलं नाही. काकाच मागे बसून परत आले, चेहरा पिठासारखा पांढरा.

सर तोवर कसेबसे फाटकापर्यंत आले होते, माझ्या खांद्यावर भार टाकून.

“आरसा बघत नाहीस तू,” ते म्हणाले. “मागे काय आहे ते बघायला नको?”

“इतकी वर्षं मागेच होते की,” सासूबाई म्हणाल्या. “मागचं सगळं पाठ आहे मला. सरका बाजूला, अजून एक चक्कर मारून येते.”