सोडणावरची आमरी

मी सिंगापूरहून आलेली आमरी, म्हणजे ऑर्किड, बोलतेय. पांढऱ्या पाकोळ्या दांडीवर ओळीने बसाव्यात, तशी मला फुलं येतात. येतात तेव्हा येतात. कुणाच्या हुकमाने येत नाहीत.

एकोणीसशे बत्तीस साली आगबोटीवरच्या अनंता खलाशाने मला काशीदला आणलं, बायकोच्या, तुळशीच्या हातात दिलं आणि तो पुन्हा बोटीवर गेला. तुळशीने जीव लावला, पण कसा? कुंडीत शेणमाती भरून मला गळ्यापर्यंत पुरलं आणि रोज अंघोळ झाली की वृंदावनात घालतात तसं तांब्याभर पाणी घातलं. माझी मुळं वाऱ्यावर जगणारी. ती कुजली, पानं पिवळी पडली.

"उकिरड्यावं टाक तं," सासू मनुबाई म्हणाली. "घरात एक वांझ हाय, दुसरी कशाला?"

तुळशीने मला उपटलं, पण उकिरड्यावर नेलं नाही. कुजकी मुळं कापली, नारळाच्या सोडणावर, म्हणजे वरच्या काथ्याच्या सालावर, जाळ्याच्या सुताने बांधलं आणि पडवीच्या वाशाला टांगलं. सोडण सुकलं तरच पाणी, मधूनच मासळी धुतल्याचं. मी हिरव्या टोकांची नवी मुळं सोडली, उघड्यावर.

"तुळशे, झाडाला फाशी दिलीस का गो?" शेजारणी हसल्या.

मनुबाई हसली नाही. अनंतासाठी तिने दुसरी मुलगी बघून ठेवली होती. "नारली पुनवंपर्यंत याला फूल आलं तर तू ऱ्हा. न्हाय तर दोघी म्हायेरची वाट धरा."

थंडी लागल्याशिवाय माझी दांडी निघत नाही, सासू कुणाचीही असो. पुनव आली, दर्याला नारळ वाहिला गेला. माझ्या अंगावर नुसती पानं. अनंता रजेवर घरीच होता. मनुबाईने तुळशीचं गाठोडं उंबऱ्याबाहेर ठेवलं.

तुळशीने ते उचलून आत आणलं. "आये, जाली विणून मी या घरात खाते. मी न्हाय जायची. दुसरी आणायची तं तिला जागा दुसरीकरं बगा."

अनंताने गाठोडं खुंटीला अडकवलं. मग म्हणाला, "आये, मना दुसरी नको."

पौषात मी फुलले. मनुबाई परडी घेऊन आली, देवासाठी तोडायला. तुळशी आडवी उभी राहिली. "झाडावंच ऱ्हातील. देवाला तिथनं दिसतात."

शिमगा आला तरी फुलं टवटवीत आहेत. मनुबाई जाता-येता बघते.

तुम्ही मला घरी आणलंत, तर मातीत पुरू नका, रोज पाणी ओतू नका आणि मुदत घालू नका. एखाद्या साली नाही फुलले, तरी वाशावरून मी उतरणार नाही.